चालेल का?

"मॅडम, पेशी दिल्या तर चालेल का?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा मी त्याचा भलताच अर्थ घेतला. सोलापूरकडून रात्रीच्या एसटीनं आलेलं कुटुंब होतं. सेरेब्रल पाल्सी असलेला साडेतीन वर्षांचा मुलगा, आई, वडील आणि मामा. मामाच्या मोबाइलवर एक व्हिडिओ होता. आधी खुर्चीला पट्ट्यानं बांधून बसवलेली एक मुलगी, मग तीच मुलगी दोन्ही बाजूंचे दांडे धरून उभी, शेवटी एक फोन नंबर. मी घाईघाईनं सांगायला लागले, की या स्टेम सेलच्या उपचाराला अजून मान्यता नाही, नियम असे आहेत, धोके तसे आहेत. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिनं माझी परवानगी मागितलीच नव्हती. तिला विचारायचं होतं, तो चालेल का?

मराठीत हे दोन्ही प्रश्न एकाच शब्दात मावतात. 'हे केलं तर चालेल का' आणि 'हा पायांवर चालेल का'. गेली काही वर्षं मी पाहते आहे, की डॉक्टर पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात आणि आईबाप दुसऱ्याचं ऐकायला थांबलेले असतात. त्या मधल्या मोकळ्या जागेत व्हिडिओ शिरतो. हे पुस्तक करायला घेतलं ते त्या जागेसाठी.

सेरेब्रल पाल्सीला मराठीत धड नाव नाही. 'बालपक्षाघात' म्हणावं तर तो शब्द एका पिढीनं पोलिओसाठी वापरला, आणि अजूनही गावाकडची आजी 'पोलिओचे डोस दिले होते की हो, मग कसं झालं?' असं विचारते. 'मेंदूचा पक्षाघात' म्हटलं की म्हाताऱ्या माणसाचं वाकडं झालेलं तोंड डोळ्यांपुढं येतं. 'स्पास्टिक' हा शब्द शाळकरी पोरांनी शिवीसारखा वापरून खराब केला. त्यामुळे आमच्या व्यायामाच्या चटईवर सगळे सरळ 'सीपी' म्हणतात, आणि या पुस्तकातही तेच आहे.

सीपी हा एक आजार नव्हे. मेंदू घडत असताना, म्हणजे पोटात, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही काळात, त्याला इजा झाली किंवा त्याची घडण चुकली, आणि त्यामुळे हालचाल व शरीराचा तोल यांत कायमचा अडथळा आला, तर त्या सगळ्याला मिळून हे नाव आहे. मेंदूतली इजा पुढं वाढत नाही. शरीरावरचे तिचे परिणाम मात्र मुलाबरोबर बदलत जातात, कारण हाड वाढतं आणि ताठर स्नायू त्या वेगानं वाढत नाही. दोन वर्षांचं असताना चवड्यांवर चालणारं मूल दहाव्या वर्षी गुडघ्यांत वाकून चालायला लागतं, तेव्हा आईबापांना वाटतं की 'आजार वाढला'. आजार तिथंच असतो, मूल वाढलेलं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढं तिची गरज पडणार आहे.

बहुतेक मुलांत ताठरपणा असतो. कुणाचे दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, कुणाची एकच बाजू आखडते, कुणाचे चारही हातपाय. काहींत ताठरपणापेक्षा नकोशा, न थांबणाऱ्या हालचाली जास्त असतात, त्यांत हात पेल्याकडे निघतो आणि कानाकडे पोचतो. थोड्या मुलांत फक्त तोल ढळतो. आणि हालचाल हा तर दिसणारा भाग. साधारण निम्म्या मुलांना बौद्धिक अडचण असते, म्हणजेच निम्म्यांना नसते, आणि हे दुसरं वाक्य आपल्याकडे कुणी उच्चारत नाही. चारांतल्या एकाला फिट्स येतात, चारांतलं एक बोलत नाही, तिघांतल्या एकाचा खुब्याचा सांधा हळूहळू निसटत जातो. चारांतल्या तिघांना कुठं ना कुठं दुखतं. दुखणं आम्ही फार उशिरा विचारायला शिकलो. भारतात हजार मुलांमागे साधारण तीन मुलांना सीपी असतो.

या विषयाचा इतिहास एका लंगड्या माणसापासून सुरू होतो. लंडनच्या विल्यम जॉन लिटल यांचा एक पाय लहानपणीच्या आजारानं वाकडा झाला होता. 1836 मध्ये ते जर्मनीत हानोवरला गेले, स्ट्रोमायर नावाच्या शल्यविशारदाकडून टाचेवरची शीर कापून पाय सरळ करून घेतला, आणि ती शस्त्रक्रिया शिकून घरी आले. पुढं 1861 मध्ये त्यांनी लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांपुढं मांडलं, की अवघड बाळंतपण, दिवस भरण्याआधीचा जन्म आणि जन्मताना कोंडलेला श्वास यांचा मुलांच्या ताठर हातापायांशी संबंध आहे. कितीतरी वर्षं सीपीला 'लिटलचा आजार' म्हणत. 1889 मध्ये विल्यम ऑस्लर यांनी या मुलांवर पुस्तक लिहिलं. आणि 1897 मध्ये एका तरुण मज्जातंतुतज्ज्ञानं लिटलच्या मांडणीवर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं, की काही मुलांचं अवघड बाळंतपण हे कारण नसून लक्षण असावं, गर्भात आधीच काही बिघडलं असेल म्हणून जन्म अवघड झाला असेल. त्या तरुणाचं नाव सिग्मंड फ्रॉइड. पुढं तो स्वप्नांकडे वळला आणि त्याचं हे म्हणणं जवळपास नव्वद वर्षं पडून राहिलं. 1986 मध्ये अमेरिकेत कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी हजारो गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या. जन्मताना श्वास कोंडणं हे थोड्याच मुलांमधलं खरं कारण निघालं. श्रीमंत देशांत दरम्यान पोटातल्या बाळाच्या ठोक्यांवर नजर ठेवणारी यंत्रं आली, सिझेरियनचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं, आणि सीपीचं प्रमाण कित्येक दशकं जवळपास होतं तिथंच राहिलं.

हे मी एवढ्या तपशिलात लिहिते आहे, कारण आमच्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक आई स्वतःवर खटला भरून आलेली असते. सासूनं सांगितलेलं असतं की ग्रहण पाळलं नाहीस. नणंदेनं सांगितलेलं असतं की सातव्या महिन्यात स्कूटरवर बसलीस. 'बाळ जन्मल्यावर रडलं नाही' हे वाक्य तर इतक्या वेळा ऐकलं आहे, की ते निदानासारखं वापरलं जातं. आपल्याकडे जन्मताना कोंडलेला श्वास, वेळेत न उतरवलेली कावीळ, फार कमी वजनाची बाळं आणि मेंदूज्वर यांचा वाटा श्रीमंत देशांपेक्षा जास्त आहे, हे खरं. पण यातलं काहीही आईच्या हातात नव्हतं. जे होतं ते दवाखान्याच्या, रस्त्याच्या आणि रुग्णवाहिकेच्या हातात होतं.

आणि तिकडची उत्तरं उचलून इकडे लावता येत नाहीत, याचा धडाही इथंच मिळाला. जन्मताना श्वास कोंडलेल्या बाळाचं शरीर 72 तास साडेतेहतीस अंशांच्या आसपास थंड ठेवलं तर मेंदू वाचतो, हे युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगांनी दाखवलं. तोच उपाय भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत 408 बाळांवर तपासला, तेव्हा थंड केलेल्या बाळांत मृत्यू जास्त झाले. 2021 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार तोच, बाळं निराळी, आणि निकाल उलटा. स्टेम सेलचा विचार करताना हा प्रयोग मी डोक्यातून जाऊ देत नाही.

उपचारांची घराणी पुष्कळ झाली, आणि संगीतातल्यासारखीच त्यांच्यात भांडणंही. अमेरिकेत विन्थ्रॉप फेल्प्स यांनी कॅलिपर आणि स्नायूंचं शिक्षण यांवर भर दिला. लंडनमध्ये नाझींपासून पळून आलेलं बोबाथ दांपत्य, बर्टा आणि कारेल, हातांनी मुलाचा ताठरपणा उतरवत हालचाल शिकवू लागलं. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही फिजिओथेरपिस्टला विचारा, तिचा पहिला हात बोबाथकडून आलेला असतो, माझाही. चेक डॉक्टर वोइटा यांनी शरीराच्या ठराविक जागा दाबून रांगण्याची हालचाल जागवायचं तंत्र काढलं. बुडापेस्टमध्ये आंद्राश पेतो यांनी फिजिओथेरपी, शाळा आणि खेळ वेगळे ठेवायलाच नकार दिला. मुलं गटात, लयीत, गाणी म्हणत उभी राहायला शिकत. मला विचाराल तर पेतोंचं तंत्र पुराव्यात फार उजवं ठरलेलं नाही, पण मुलाला मूल म्हणून वागवायचा त्यांचा आग्रह पुढच्या सगळ्यांनी चोरला आणि बरं केलं.

मग चमत्कारांचं घराणं आहे. अमेरिकेत 1960 च्या दशकात अशी पद्धत आली, की चार-पाच माणसांनी मुलाला टेबलावर धरून दिवसातून अनेकदा त्याचे हातपाय ठराविक क्रमानं हलवायचे, म्हणजे मेंदू 'पुन्हा घडतो'. शेजारीपाजारी, काका-मावशा पाळ्या लावून यायच्या. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 1968 मध्ये इशारा दिला आणि 1999 मध्येही तोच द्यावा लागला. चमत्काराचं आयुष्य इशाऱ्यापेक्षा मोठं असतं.

यातला मला सगळ्यात उपयोगी वाटणारा किस्सा कॅनडातला आहे. जास्त दाबाच्या टाकीत बसवून शुद्ध ऑक्सिजन दिला तर मुलं सुधारतात, असं 1990 च्या दशकात आईबाप ठामपणे सांगत होते. क्यूबेकमध्ये 111 मुलांवर नीट तपासणी झाली. अर्ध्यांना ऑक्सिजन, अर्ध्यांना नुसती थोड्या दाबाची साधी हवा, प्रत्येकी चाळीस बैठका, आणि कुणाला काय मिळतंय हे आईबापांनाही ठाऊक नाही. 2001 मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांतली मुलं सुधारली होती, आणि अगदी सारखी. आईबाप खोटं बोलत नव्हते. त्यांनी जे पाहिलं ते खरंच घडलं होतं. फक्त ते ऑक्सिजननं घडलं नव्हतं.

मग कशानं? याचं निम्मं उत्तर वर येऊन गेलं आहे. मूल वाढत असतं. कॅनडातल्याच ओंटारिओमध्ये पीटर रोझेनबाम आणि सहकाऱ्यांनी सीपी असलेल्या 657 मुलांची वाढ वर्षानुवर्षं मोजली आणि 2002 मध्ये तिचे आलेख काढले. या मुलांचे पाच स्तर पाडतात. पहिल्या स्तरातलं मूल धावतं-उड्या मारतं, फक्त जरा अडखळतं. पाचव्यातल्याला मान सावरायलाही आधार लागतो. प्रत्येक स्तराचा आलेख सुरुवातीला भराभर चढतो आणि पुढं सपाट होतो. पाच वर्षांपर्यंत बहुतेक मुलं आपल्या मोठ्या हालचालींच्या कमाल क्षमतेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचलेली असतात, आणि ज्यांचा सीपी जास्त तीव्र त्यांचा चढ त्याहून लवकर संपतो.

म्हणजे तीन वर्षांच्या, दुसऱ्या स्तरातल्या मुलाला आज काहीही दिलं, होमिओपॅथी, मालिशचं तेल, पेशी किंवा नुसता अंगारा, तरी पुढच्या सहा महिन्यांत ते काहीतरी नवं करून दाखवणारच. व्हिडिओतली मुलगी खरी होती. तिचं उभं राहणंही खरं होतं. पेशी दिल्या नसत्या तर ती उभी राहिली असती का, हे व्हिडिओ सांगू शकत नाही, आणि नेमकं तेच विचारायचं असतं. त्यात भर अशी, की अशा बहुतेक ठिकाणी इंजेक्शनबरोबर दिवसाला कित्येक तास व्यायाम, वाचा-उपचार, नवे बूट, आहाराचा तक्ता आणि घरी करायच्या गोष्टींची यादी मिळते. एवढ्या मेहनतीनंतर मूल सुधारलं तर श्रेय एकट्या सुईनं घेऊन जावं, हे माझ्यातल्या फिजिओथेरपिस्टला पचत नाही.

आता पेशींबद्दल. स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, या अशा पेशी की ज्या स्वतःसारख्या आणखी पेशी करतात आणि गरजेप्रमाणे दुसऱ्या प्रकारच्या पेशींतही बदलतात. कॅनडातल्या टिल आणि मॅककलॉक यांनी 1961 मध्ये उंदरांच्या अस्थिमज्जेत रक्त घडवणाऱ्या अशा पेशी असल्याचं दाखवलं. डॉनल थॉमस यांनी त्याआधीच अस्थिमज्जा रोपणाला सुरुवात केली होती. 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि आज रक्ताच्या कर्करोगात, थॅलेसेमियात मज्जारोपण हा पक्का उपचार आहे. 1988 मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी नाळेतलं रक्त वापरून पहिलं रोपण केलं. 1998 मध्ये मानवी भ्रूणातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या, आणि 2006 मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी साध्या त्वचेच्या पेशीला परत मूळपेशीसारखं करून दाखवलं, तेही सुरुवातीला उंदरात. 2012 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. विज्ञान म्हणून हे सगळं अचंबा वाटावं असंच आहे. अडचण अशी, की हे सगळं एकाच नावाखाली विकलं जातं. थॅलेसेमियाच्या मुलाला जीवदान देणारी ती स्टेम सेल आणि सीपीच्या मुलाच्या पाठीत टोचली जाणारी ती स्टेम सेल, दोन्ही एकच असं माहितीपत्रक वाचणाऱ्याला वाटतं. रक्त बनवणारी पेशी रक्त बनवते. तिनं मेंदू बनवावा अशी अपेक्षा आपली आहे, तिची नव्हे.

पहिली कल्पना खरोखरच अशी होती, की पेशी मेंदूत जातील, मेलेल्या चेतापेशींच्या जागी बसतील आणि तारा जोडल्या जातील. ती आता कुणी गंभीर संशोधक सीपीच्या संदर्भात मांडत नाही. शिरेतून दिलेल्या पेशींपैकी पुष्कळ फुफ्फुसांतच अडकतात, आणि ज्या टिकतात त्याही फार काळ नाही. आताची मांडणी अशी आहे, की या पेशी काही द्रव्यं सोडतात, त्यांनी मेंदूतला दाह कमी होतो आणि उरलेल्या जोडण्यांना मदत होते. 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव रूढ करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ अर्नल्ड कॅप्लन यांनीच 2017 मध्ये लिहिलं, की हे नाव बदला, कारण 'स्टेम सेल' म्हटल्यानं लोकांचा गैरसमज होतो. नाव देणाऱ्यानं नाव मागे घ्यायची विनंती करावी, असं विज्ञानात क्वचित घडतं. फलकांवर अर्थातच काही बदललं नाही.

नीट केलेले प्रयोग काय सांगतात? 2013 मध्ये कोरियात दात्याचं नाळरक्त, एक संप्रेरक आणि व्यायाम असं एकत्र दिलेल्या मुलांत इतर गटांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जोआन कुर्त्झबर्ग यांच्या गटानं एक ते सहा वर्षांच्या 63 मुलांना चिठ्ठी टाकल्यासारखं विभागून काहींना स्वतःचं साठवलेलं नाळरक्त दिलं, काहींना तसाच दिसणारा पण पेशी नसलेला द्राव, आणि वर्षभरानंतर अदलाबदल केली. 2017 मध्ये निकाल आला. वर्षाअखेरीस दोन गटांत फरक नव्हता. पण वजनाच्या मानानं जास्त पेशी मिळालेली मुलं अपेक्षेपेक्षा पुढं गेली होती. 2025 मध्ये जगभरच्या अशा अभ्यासांतल्या जवळपास साडेचारशे मुलांची एकेकाची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा नाळरक्तानं मोठ्या हालचालींत थोडी पण मोजता येईल अशी भर पडलेली दिसली. लहान वयाच्या आणि सौम्य सीपीच्या मुलांत ती जास्त होती.

हे मी दडवणार नाही. 'स्टेम सेल म्हणजे सगळी थापेबाजी' असं म्हणणं मला सोपं गेलं असतं, पण ते आता खरं राहिलेलं नाही. काहीतरी आहे, आणि ते लहान आहे. आणि ते ज्याच्याबद्दल आहे ते सोलापूरच्या मामाच्या मोबाइलवर नव्हतं. पुरावा शिरेतून दिलेल्या नाळरक्ताचा आहे. आपल्याकडे जे सर्रास विकलं गेलं ते खुब्याच्या हाडातून काढलेल्या मज्जेतल्या पेशी पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचण्याचं काम आहे. ज्यांनी ते केलं त्यांनी शोधनिबंधही लिहिले आहेत, आणि सगळेच लबाड आहेत असं मी म्हणणार नाही. त्या निबंधांतल्या बहुतेकांत मात्र तुलनेचा गट नाही, आणि तुलनेचा गट नसला तर क्यूबेकची ऑक्सिजनची टाकीसुद्धा चमत्कारच ठरली असती. शिवाय सगळ्यात कमी फायदा ज्यांना दिसतो ती तीव्र सीपीची, मोठी मुलं, आणि सगळ्यात जास्त पैसे खर्च करायला निघालेले आईबाप त्यांचेच असतात. एक एकर विकून आलेले मी पाहिले आहेत. पैसे परत मागावेत असं त्यांना वाटत नाही. 'आमच्याच नशिबात नव्हतं' म्हणतात.

धोकाही किरकोळ नाही. इस्रायलमधल्या एका मुलाला, त्याचा आजार सीपीहून वेगळा होता, मॉस्कोत गर्भातल्या चेतापेशी दिल्या गेल्या. काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि कण्यात गाठी निघाल्या, आणि त्या दात्यांच्या पेशींपासून झाल्याचं 2009 मध्ये सिद्ध झालं. जर्मनीतल्या एका खासगी केंद्रात 2010 मध्ये मेंदूत इंजेक्शन दिलेलं एक तान्हं मूल दगावलं, आणि पुढल्या वर्षी ते केंद्र बंद झालं.

आपल्या देशातला नियम स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2007 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांच्या शीर्षकात 'संशोधन आणि उपचार' असे दोन शब्द होते. 2013 मध्ये सूचना नव्यानं आल्या तेव्हा 'उपचार' हा शब्द मुद्दाम काढून टाकला होता. 2017 च्या आवृत्तीतही तो परत आला नाही. रक्ताच्या ठराविक आजारांतलं मज्जारोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधन, ते नोंदणी केलेल्या चाचणीतच व्हायचं, नीतिसमितीच्या नजरेखाली, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. एका शब्दाच्या वगळण्याइतकी ठळक सूचना सरकारी कागदावर मी दुसरी पाहिलेली नाही. ती किती जणांनी वाचली हा वेगळा भाग. याच परिषदेनं असंही सांगितलं आहे, की आपल्याच मुलाला पुढं कधीतरी उपयोगी पडेल म्हणून खासगी पेढीत नाळरक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही.

मग करायचं काय? या प्रश्नाला उत्तर नाही असं वाटून लोक पेशींकडे जातात, आणि उत्तर आहे हेच सांगायचं राहून जातं. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये सीपीवरच्या सगळ्या उपचारांना सिग्नलसारखे हिरवे, पिवळे, लाल रंग दिले. हिरव्यात काय आलं? मुलाला जे करायचं आहे तेच, खऱ्या जागी, पुष्कळ वेळा करायला लावणं. एक बाजू आखडलेल्या मुलाचा चांगला हात काही काळ बांधून दुबळ्याला कामाला लावणं. ताठर स्नायूत बोटॉक्स, त्यानंतर प्लास्टर. वर्षातून खुब्याचा एक्स-रे, म्हणजे सांधा निसटण्याआधी कळतं. घरी आईनं करायचा, तिला जमेल असा कार्यक्रम. सीपीचं निदान आता पाच महिन्यांच्या आतही होऊ शकतं, आणि आपण अजून 'मुलं उशिरा चालतात, थांबा' म्हणत दोन वर्षं घालवतो. अकाली प्रसूती होणार असेल तर आईला मॅग्नेशियम सल्फेट दिल्यानं बाळाचा सीपीचा धोका कमी होतो. पेशींच्या एका पॅकेजच्या तुलनेत त्या इंजेक्शनला काहीच पैसे पडत नाहीत. त्याचा व्हिडिओ कुणी बनवत नाही.

आणि एक वाट मुंबईत 1972 मध्ये निघाली. मिथू अलूर यांनी आपल्या मुलीसाठी शाळा मिळेना म्हणून स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. ती मुलगी, मालिनी चिब, पुढं शिकली आणि 2010 मध्ये तिनं 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र लिहिलं, एका बोटानं टाइप करून. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात सीपीचं नाव स्वतंत्रपणे आहे. प्रमाणपत्र, निरामय विमा, जिल्ह्याच्या डीईआयसीमधली, म्हणजे लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्रातली, मोफत तपासणी हे सगळं कागदावर आहे आणि काही जिल्ह्यांत प्रत्यक्षातही. त्यासाठी मारायच्या खेपा किती, हे या पुस्तकातल्या पालकांनी माझ्यापेक्षा मोकळेपणानं लिहिलं आहे.

पुस्तकाबद्दल थोडं. यात दोन आवाज आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. एक उपचार करणाऱ्यांचा, एक घरच्यांचा. संपादन करताना मी ते जुळवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. ज्यांनी पेशी घेतल्या आणि ज्यांना फरक वाटला, त्यांचेही लेख आहेत. ते काढून टाका असं दोघा सहकाऱ्यांनी सुचवलं. मी ठेवले, कारण त्यांना वगळून लिहिलेलं पुस्तक मामाच्या मोबाइलपुढं टिकणार नाही. प्रत्येक अशा लेखाच्या शेवटी मुलाचं वय आणि स्तर दिला आहे, म्हणजे वाचणाऱ्यानं ओंटारिओचा आलेख शेजारी ठेवून स्वतःच पाहावं. कुठल्याही केंद्राचं नाव यात नाही. कुठलं केंद्र चांगलं हे विचारायला फोन करू नये. कुठलाही प्रयोग समोर आला तर काय विचारावं याची भाषा मात्र यात मिळेल. नोंदणी क्रमांक कुठला, पैसे का लागतात, दुसऱ्या गटाला काय देणार, काही बिघडलं तर कोण बघणार.

पुस्तकाच्या शेवटी आठ पानं कोरी आहेत. ती छापखान्याची चूक नाही. कुठलाही नवा उपचार सुरू करायच्या आधी, निदान तीन महिने, तारीख घालून तिथं लिहायचं. आधाराशिवाय किती वेळ बसतो, कुशीवर किती वेळा वळतो, जेवायला किती वेळ लागतो, कोणता शब्द नवा आला. काहीच नवं नसेल तर तसं. त्या पानांवर आपोआप झालेली वाढ दिसते आणि मग पुढं जे घडेल ते कशाशी ताडून पाहायचं, हे कळतं. छापण्याआधी ही पानं मी चार घरी देऊन पाहिली. सोलापूरच्या आईलाही दिली होती. मुलगा आता सहा वर्षांचा आहे, वॉकर धरून अंगणाच्या टोकापर्यंत जातो. पेशी त्यांनी अजून घेतलेल्या नाहीत. घेणार नाहीत असंही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांची भरलेली पानं परत आली तेव्हा बसणं-उठणं यांच्या रकान्यांत आकडे नीट होते, आणि समासात पेन्सिलीनं, मी विचारलेलं नसताना, एक ओळ होती : 'काल बैल आले तेव्हा हाक मारली. सर्जा म्हणाला. स्पष्ट.'